पाहण्याची जागा

सत्यजित राय यांनी ‘सद्गती’ हा चित्रपट १९८१ साली केला, तो रायपूरच्या परिसरातील खेड्यांत. हा मुलूख तेव्हा मध्य प्रदेशात मोडत असे. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. प्रेमचंदांच्या त्याच नावाच्या कथेवर बेतलेला, दूरदर्शनसाठी केलेला, तासाभराहूनही कमी लांबीचा हा चित्रपट रायांच्या कीर्तीच्या हिशेबात सहसा मागच्या ओळीत बसवला जातो. तथापि चित्रपट कसा पाहावा हे शिकवू पाहणाऱ्या आणि तेही रायपुरात शिकवू पाहणाऱ्या अध्यापकाला याच्याइतका सोयीचा आणि याच्याइतकाच अवघड पाठ दुसरा मिळणे कठीण. सोयीचा अशासाठी की तो आटोपशीर आहे. दोन तासिकांत पाहून होतो, पुन्हा पाहता येतो, त्याचा एकेक तुकडा वेगळा काढून फळ्यावर मांडता येतो. अवघड अशासाठी की त्यात जे घडते ते वर्गाच्या खिडकीबाहेर फार दूरवर घडलेले नाही.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या चित्रपटाला आणखीही एक जवळीक आहे. दुखी चर्मकाराची भूमिका ओम पुरी यांची. पण त्याची बायको झुरिया झाली आहे ती स्मिता पाटील, आणि ज्या ब्राह्मणाच्या दारात दुखी मरतो तो पंडित झाले आहेत मोहन आगाशे. या पंडिताचे नाव प्रेमचंदांनी घासीराम असे ठेवले होते. ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकातले नाना फडणवीस म्हणून १९७२ पासून महाराष्ट्राला ठाऊक झालेल्या नटाच्या वाट्याला पडद्यावर हेच नाव यावे, हा निव्वळ योगायोग. पण वर्गात असे योगायोग उपयोगी पडतात. दुखीला सावध करू पाहणारा गोंड साकारला आहे राजनांदगावच्या भैयालाल हेडाऊ या लोककलावंताने. भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडात मराठी घराणी वसली. रायपुरात महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून उभे आहे. तेव्हा येथील मराठी विद्यार्थ्याला पडद्यावर एकाच वेळी दोन ओळखी भेटतात: माणसे महाराष्ट्राची आणि माती पायाखालची.

ओळख हाच येथे पहिला अडसर ठरतो. वर्गात ‘सद्गती’ सुरू झाला की पहिल्या काही मिनिटांत कुजबुज होते ती गावाबद्दल. ही कौले आपल्याकडची, हे अंगण आपल्याकडचे, हा उघडा माळ म्हणजे भाठा. छत्तीसगडात पुष्कळ गावांबाहेर रावणाचा दहा तोंडांचा कायमचा पुतळा असतो. दसऱ्याला जाळण्यासाठी दरवर्षी नवा करावा लागत नाही, तो चुन्यामातीचा किंवा सिमेंटचा होऊन बारमाही उभा असतो. रायपुरातल्या एका भागाचे नावच रावणभाठा आहे. तसा रावण ‘सद्गती’त दिसताच वर्ग खूश होतो. पण रायांनी तो पुतळा चौकटीत का येऊ दिला, हा प्रश्न या आनंदात बुडून जातो. बाहेरच्या प्रेक्षकाला तो पुतळा विलक्षण वाटतो, म्हणून तो त्याच्याकडे पाहतो. येथल्या प्रेक्षकाला तो नेहमीचा, म्हणून तो त्याला नुसता ओळखतो आणि पुढे जातो. ओळखणे आणि पाहणे या दोन क्रिया एक नव्हेत, हे समजणे हा चित्रपटाच्या अभ्यासाचा पहिला धडा. विद्वान ब्राह्मण म्हणून पुराणात वर्णिलेल्या राक्षसाची मूर्ती ब्राह्मणाच्या वेठीला राबणाऱ्या माणसाच्या गोष्टीत उभी आहे, एवढे जरी एखाद्याला सुचले, तरी तो ओळखण्याकडून पाहण्याकडे सरकला असे समजावे.

दुसरा अडसर कथेचा. ‘काय पाहिलेत?’ असे विचारले की विद्यार्थी जे घडले ते सांगतात. मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घ्यायला दुखी पंडिताकडे जातो. रिकाम्या हाताने कसे जायचे म्हणून गवताचा भारा नेतो. पंडित त्याला आधी ओसरी झाडायला, मग भुसा वाहायला, मग लाकडाचा एक गाठाळ ओंडका फोडायला लावतो. तापातून नुकताच उठलेला, उपाशी दुखी तो ओंडका फोडता फोडता मरतो. हे सर्व खरेच घडते. पण हे प्रेमचंदांच्या कथेतही घडते. मग चित्रपटाने काय केले? हा प्रश्न टाकला की वर्गात जी शांतता पसरते, ती अध्यापनाच्या दृष्टीने मोलाची असते. शाळेपासून त्यांना कविता कशी वाचावी हे शिकवलेले असते. शब्द, प्रतिमा, वृत्त यांची नावे ठाऊक असतात. चित्रपट मात्र कोणालाही आपोआप समजतो असे गृहीत धरलेले असते. जे आपोआप समजते ते शिकवण्याची गरज नसते, अशी एक सोयीस्कर समजूत त्यातून रूढ होते.

ही समजूत खोडून काढण्याचे पद्धतशीर काम आपल्या देशात ज्यांनी केले, त्यांत पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे सतीश बहादूर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. ते मूळचे अर्थशास्त्राचे अध्यापक. आग्र्याला असताना फिल्म सोसायटीच्या चळवळीत पडले आणि १९६३ मध्ये पुण्यास रसग्रहणाचे प्राध्यापक म्हणून आले. प्रभात कंपनीच्या जुन्या आवारात १९६० मध्ये ही संस्था सुरू झाली होती. १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी ते वाढवले. पाठ देणारा अध्यापक आणि पाठ्यवस्तू जपणारा संग्राहक एका गावात भेटले. पुढे दोन्ही संस्थांनी मिळून उन्हाळ्यात भरवलेल्या रसग्रहणाच्या वर्गांना महाविद्यालयीन शिक्षक, पत्रकार, फिल्म सोसायट्यांचे कार्यकर्ते ठिकठिकाणांहून येत. ‘पथेर पांचाली’ हा बहादूरांचा आवडता पाठ. डॉ. श्यामला वनारसे यांच्या साथीने त्यांनी त्या चित्रपटाची संहिता दृश्यागणिक बारकाईने अभ्यासली. कवितेच्या ओळीचे जसे अन्वय लावून वाचन करावे तसे चित्रपटाच्या तुकड्याचे करता येते, हे त्या अभ्यासाने दाखवून दिले. मराठीत अरुण खोपकर यांनी ‘गुरु दत्त : तीन अंकी शोकांतिका’ या पुस्तकात याच दृष्टीने ‘प्यासा’, ‘कागज के फूल’ आणि ‘साहिब बीबी और गुलाम’ हे तीन चित्रपट वाचले, आणि कॅमेऱ्याच्या हालचालीविषयी, प्रकाशाविषयी, गाण्याच्या चित्रणाविषयी मराठी गद्यात नेमकेपणाने लिहिता येते याचा दाखला दिला.

पुण्यात या विद्येला संस्था मिळाली, ग्रंथालय मिळाले, पडदा मिळाला. पुण्यापासून दूरच्या गावात अध्यापकाजवळ बहुधा एक वर्ग, एक प्रक्षेपक आणि स्वतःची चिकाटी एवढेच असते. म्हणून त्याला सुरुवात चित्रपटापासून न करता हाताशी असलेल्या वस्तूपासून करणे बरे पडते. रायपुरात तशी वस्तू हाताशी आहे. माधवराव सप्रे हे मराठी घरात जन्मलेले हिंदीचे संपादक. त्यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले, लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ आणि रामदासांचा ‘दासबोध’ हिंदीत नेला, आणि १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचे निधन झाले. ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही त्यांची १९०१ मधली छोटी कथा हिंदीतल्या आरंभीच्या कथांत गणली जाते. जमीनदाराने एका विधवेची झोपडी बळकावली आहे. नातीसाठी चूल घालायला त्या झोपडीतली टोपलीभर माती नेऊ द्या, अशी ती विनवणी करते, आणि टोपली डोक्यावर चढवायला हात लावा असे जमीनदारालाच सांगते. त्याला ती टोपली उचलत नाही. एवढ्या मातीचा भार पेलत नाही, तर साऱ्या जमिनीचा भार जन्मभर कसा पेलणार, असे म्हातारी म्हणते आणि त्याचे डोळे उघडतात.

ही कथा वर्गापुढे ठेवून एकच गोष्ट मागावी: कॅमेरा कोठे ठेवाल? कोणी म्हणतो, जमीनदाराच्या मागे, म्हणजे म्हातारी लहान दिसेल. कोणी म्हणतो, जमिनीलगत, टोपलीच्या उंचीवर, म्हणजे वाकलेला जमीनदार टोपलीसमोर नमस्कार घातल्यासारखा दिसेल. कोणी म्हणतो, म्हातारीच्या चेहऱ्यावर. टोपली दाखवूच नये, तिच्या नजरेवरून कळू द्यावे. कोणी विचारतो, नात कोठे आहे? ती हे पाहत असेल तर तिच्या उंचीवरून का पाहू नये? तासाभरात फळ्यावर चार-पाच चौकटी उमटतात आणि विद्यार्थ्यांच्या ध्यानात येते की कथा एकच असून चित्रपट मात्र चार-पाच झाले. प्रत्येक चौकटीत तोच प्रसंग आहे, पण त्या प्रसंगाविषयीचे मत वेगळे आहे. दिग्दर्शकाची शैली म्हणजे दागिन्यासारखी वरून घातलेली वस्तू नसून त्याने उभे राहण्यासाठी निवडलेली जागा होय, हे येथे व्याख्येवाचून समजते. मग ‘समीपदृश्य’, ‘दूरदृश्य’, ‘संकलन’ हे शब्द शिकवावेत. आधी गरज, मग शब्द. उलट केले तर शब्द पाठ होतात आणि डोळे होते तेथेच राहतात.

या तयारीनिशी वर्ग ‘सद्गती’कडे परतला की त्याला निराळ्या गोष्टी दिसू लागतात. सगळ्यात आधी दिसते ते अंतर. पंडित ओसरीवर, दुखी अंगणात. एक उंचावर, सावलीत. दुसरा खाली, उन्हात. कोणी कोणाला ढकलत नाही, कोणी ओरडत नाही. तरीही दोघांमधली मोकळी जागा सतत दिसत राहते, आणि ती जागा ओलांडायची नाही हे दोघांनाही इतके पाठ आहे की बोलण्याची गरजच उरत नाही. अस्पृश्यता हा शब्द न उच्चारता ती दाखवायची तर दोन देहांमधले अंतर चौकटीत धरून ठेवावे लागते. दोघांचे चेहरे आलटून पालटून जवळून दाखवत राहिले असते तर ते अंतरच नाहीसे झाले असते. चिलमीसाठी दुखी विस्तव मागतो तेव्हा पंडिताची बायको निखारा फेकते. प्रेमचंदांच्या कथेत त्याची ठिणगी दुखीच्या डोक्यावर पडते आणि तो ती शिक्षा म्हणून स्वीकारतो. कथेला त्याच्या मनात शिरण्याची मुभा आहे. पडद्यावर मन दिसत नाही. तेथे हातापासून जमिनीपर्यंतचा निखाऱ्याचा प्रवास आहे आणि तो वेचायला वाकलेला माणूस आहे. मनातले वाक्य गेले. त्याच्या जागी एक वाकलेली पाठ आली.

त्यानंतर ध्वनी. ओंडक्यावर पडणारे कुऱ्हाडीचे घाव हा या चित्रपटाचा कणा म्हणता येईल. घरात पंडिताचे जेवण आणि वामकुक्षी, बाहेर दुखीचे घाव. विद्यार्थ्यांना एकदा डोळे मिटून हा भाग नुसता ऐकायला लावावा, आणि मग आवाज बंद करून नुसता पाहायला लावावा. पहिल्या खेपेस त्यांना श्रम ऐकू येतात, दुसऱ्या खेपेस निष्फळता दिसते. गाठ हटत नाही. दोन्ही एकत्र आल्यावर जो अर्थ निर्माण होतो तो दोहोंपैकी एकातही नव्हता, हे कळले की संकलन म्हणजे तुकडे चिकटवणे नव्हे हे वेगळे सांगावे लागत नाही.

तिसरी गोष्ट निवेदकाची. प्रेमचंदांची कथा निवेदकाच्या कडवट उपरोधाने संपते. शेतात पडलेल्या प्रेताची गिधाडे-कोल्ह्यांनी केलेली दशा सांगून, जन्मभराच्या भक्तीचे आणि निष्ठेचे हेच बक्षीस, असे तो नोंदवतो. ‘सद्गती’ हे शीर्षक त्या वाक्यामुळे धारदार होते. रायांनी प्रेमचंदांच्याच ‘शतरंज के खिलाडी’वर १९७७ मध्ये चित्रपट केला तेव्हा निवेदकाचा आवाज ठेवला होता, अमिताभ बच्चन यांनी तो दिला. ‘सद्गती’त तो आधार त्यांनी घेतला नाही. हिंदी ही रायांची भाषा नव्हे. संवाद प्रेमचंदांचे चिरंजीव अमृतराय यांनी लिहून दिले. दुसऱ्याच्या भाषेत बोलण्यापेक्षा गप्प राहून दाखवणे त्यांना अधिक भरवशाचे वाटले असावे. मग कथेतल्या निवेदकाचा तो उपरोध गेला कोठे?

तो शेवटच्या भागात गेला. दुखीच्या मृत्यूनंतर गोंडाच्या सांगण्यावरून चर्मकार प्रेत उचलायला नकार देतात. प्रेत वाटेत पडलेले, त्यामुळे ब्राह्मणांना विहिरीवर जाता येत नाही. पाऊस लागतो. झुरिया पावसात येते, नवऱ्याच्या देहावर पडून आक्रोश करते, पंडिताच्या बंद दारापाशी आक्रोश करते. दार उघडत नाही. पहाटे पंडित एकटा बाहेर पडतो. प्रेताला शिवायचे नाही, म्हणून काठीने पाय उचलून दोरीचा फास पायात अडकवतो आणि ते धूड ओढत गावाबाहेर, मेलेली जनावरे टाकण्याच्या जागी नेतो. परत येऊन जागा पवित्र करण्यासाठी पाणी शिंपडतो. कथेच्या निवेदकाने वाक्यात जे म्हटले, ते येथे एक काठी, एक पाय, एक दोरी आणि थोडे पाणी यांनी म्हटले आहे. शब्दाचे काम वस्तूकडे सोपवणे हा रायांच्या शैलीचा गाभा. ‘पथेर पांचाली’तला दुर्गेने लपवलेला हार आठवला की हे अधिक स्पष्ट होते.

रायांची ही काटकसर नियोजनातून आलेली आहे. चित्रीकरणापूर्वी ते कापडी बांधणीच्या वह्यांत दृश्यांची रेखाटने करीत. साठीच्या दशकापासून कॅमेराही बहुतेक स्वतःच चालवीत. सौमेंदू राय यांच्यासारखा छायालेखक आणि दुलाल दत्त यांच्यासारखा संकलक हाताशी असूनही चौकटीच्या कडा कोठे पडायच्या हे त्यांच्या डोळ्याने ठरवले जाई. हीच एकमेव रीत आहे असा विद्यार्थ्यांचा ग्रह होऊ नये म्हणून त्यांच्यासमोर लगेच दुसरे टोक ठेवणे आवश्यक ठरते, आणि तेही छत्तीसगडच्याच साहित्यातून ठेवता येते.

गजानन माधव मुक्तिबोध हे मातृभाषेने मराठी, काव्याने हिंदी. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे कवी. गजाननरावांची अखेरची वर्षे राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवण्यात गेली. १९६४ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या लेखनावर मणी कौल यांनी १९८० मध्ये ‘सतह से उठता आदमी’ हा चित्रपट केला. रायपूरच्या विनोद कुमार शुक्ल यांच्या १९७९ च्या ‘नौकर की कमीज’ या कादंबरीवरही १९९९ मध्ये कौलांनीच चित्रपट केला. एका साहेबाने आदर्श नोकरासाठी म्हणून एक सदरा शिवून ठेवलेला आहे आणि तो ज्याच्या अंगी बसेल त्याला नोकर व्हावे लागणार, अशी ती कारकुनाच्या जगण्याची गोष्ट. कौल पुण्याचे विद्यार्थी, ऋत्विक घटकांच्या तालमीत वाढलेले. त्यांना चौकटीच्या कडांची सत्ता मान्य नव्हती. या चित्रपटात तर छायालेखकाला कॅमेऱ्यातून न पाहता चित्रण करायला सांगण्यापर्यंत ते गेले. राय चौकटीत नेमके तेवढेच ठेवतात जेवढे अर्थासाठी हवे. कौल अर्थाची घाई टाळण्यासाठी चौकटच सैल सोडतात. रायांच्या चित्रपटात वस्तू बोलते, कौलांच्या चित्रपटात वस्तू नुसती असते, आणि तिच्यासमोर किती वेळ थांबायचे हे प्रेक्षकाला स्वतःच ठरवावे लागते. कंटाळा आला, असे विद्यार्थी प्रामाणिकपणे सांगतात. तो कंटाळा हेही अभ्यासाचे साधन आहे. तो नेमका कोणत्या क्षणी आला आणि त्या क्षणी डोळे कशाची वाट पाहत होते, हे लिहून काढायला सांगितले की विद्यार्थी आपल्याच सवयीचे परीक्षण करू लागतो.

येथवर सर्व ठीक चालते. पण ‘सद्गती’च्या अवघडपणाचा उल्लेख आरंभी आला, तो येथे सामोरा येतो. छत्तीसगडात गुरू घासीदासांनी एकोणिसाव्या शतकात सतनाम पंथ उभा केला. ज्यांना चर्मकार म्हणून गावाच्या कडेला ठेवले होते अशा असंख्य कुटुंबांनी त्या पंथात आपले नाव आणि आपला मान शोधला. रायपूरच्या कोणत्याही वर्गात अशा घरातले विद्यार्थी असणे स्वाभाविक आहे. त्यांच्यासमोर दुखीच्या पायात अडकवलेला फास पडद्यावर थांबवून ठेवायचा आणि ‘या चौकटीची रचना पाहा’ असे म्हणायचे, हे वाटते तितके निरुपद्रवी नाही. इतरांसाठी जी रचना असते, ती त्यांच्यातल्या एखाद्यासाठी आजोबांची आठवण असू शकते. तंत्राची परिभाषा अशा वेळी आडोशासारखी वापरली जाते: संकलनाविषयी बोलत राहिले की जातीविषयी बोलावे लागत नाही. चित्रपटाच्या अभ्यासावर घेतला जाणारा हा सर्वांत गंभीर आक्षेप होय. आणि तो कलेच्या शत्रूंकडून आलेला नाही, वर्गातल्या मागच्या बाकावरून आला आहे.

या आक्षेपाला दोन उत्तरे सहज सुचतात आणि दोन्ही अपुरी आहेत. पहिले असे की मग तंत्र सोडून आशयावरच बोलावे. पण तसे केले की पुन्हा कथा सांगणे सुरू होते, हळहळ व्यक्त होते, आणि हळहळ संपली की विषयही संपतो. दुसरे असे की असा चित्रपट दाखवूच नये. तसे केले तर ज्यांच्या आयुष्याविषयी तो आहे त्यांनाच त्याविषयी बोलण्याच्या संधीपासून दूर ठेवले जाते. ओसरी आणि अंगण यांतले अंतर वर्गातही कायम राहते.

खरे उत्तर तंत्राच्याच आणखी आत आहे. कॅमेरा कोठे ठेवला आहे, हा प्रश्न तंत्राचा. तेथून कोण पाहत आहे, हाही तंत्राचाच प्रश्न. तो विचारायचे धैर्य केले की मागच्या बाकावरचा विद्यार्थी विश्लेषणाचा विषय राहत नाही, विश्लेषक होतो. दुखी मरतो ते सर्व बाजूंनी दिसते. पण दुखीला काय दिसले ते किती दिसते? चर्मकारांनी प्रेत उचलायला दिलेला नकार हा या गोष्टीतला एकमेव उठाव. त्याला किती वेळ मिळाला आणि झुरियाच्या आक्रोशाला किती? रायांचा संताप अस्सल आहे, यात शंका नाही. तो संताप शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाचा आहे की अंगणात उभ्या असलेल्याचा? हे प्रश्न रायांची थोरवी कमी करीत नाहीत. उलट, मोठ्या कृतीलाच असे प्रश्न विचारता येतात. सामान्य कृती पहिल्याच प्रश्नाला कोसळते.

या प्रश्नांना मराठीतच एक उत्तर मिळाले आहे. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१३ चा. त्यात कैकाडी कुटुंबाने गावासमोर डुक्कर पकडण्याचा प्रसंग आहे. गाव जमून तमाशा पाहावा तसे पाहते. मारलेले डुक्कर खांद्यावर घेऊन त्या कुटुंबातली माणसे शाळेच्या भिंतीवरून जातात, आणि त्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई यांची चित्रे रंगवलेली आहेत. अखेरीस जब्या दगड भिरकावतो, तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेने, आणि पडदा काळा होतो. ‘सद्गती’ आणि ‘फँड्री’ यांचे शेवट एकापाठोपाठ दाखवावेत. पहिल्यात प्रेक्षक पाहत राहतो आणि अस्वस्थ होतो. दुसऱ्यात प्रेक्षकाच्या पाहण्यावरच दगड येतो. पहिल्यात भिंग ही खिडकी आहे, दुसऱ्यात भिंग हाही गर्दीतला एक बघ्या आहे. दोन दिग्दर्शकांतला हा फरक सहानुभूतीच्या कमीअधिकपणाचा नाही, जागेचा आहे. आणि दोन शैलींतला फरकही नेमका हाच आहे. शैलीची चर्चा आणि न्यायाची चर्चा या दोन वेगळ्या तासिका नाहीत, हे येथे सिद्ध होते.

या मातीत हा विषय पडद्यावर येण्याची सुरुवात रायांच्याही आधीची आहे. मनू नायक यांनी १९६५ मध्ये केलेला ‘कहि देबे संदेस’ हा पहिला छत्तीसगडी चित्रपट. त्याची गोष्ट सतनामी तरुण आणि ब्राह्मण तरुणी यांच्या प्रेमाची, आणि त्याचे चित्रीकरण पलारी गावात झाले. साधने तुटपुंजी, मांडणी त्या काळच्या हिंदी बोलपटाच्या वळणाची. रायांच्या शेजारी ठेवला तर तो कच्चा वाटेल. पण त्यात सतनामी तरुण नायक आहे, गाणे म्हणतो, प्रेम करतो, आणि त्याला मरावे लागत नाही म्हणून कोणी त्याला कमी गंभीर मानू नये. कसबी कृती आणि धाडसी कृती एकच असते असे नाही, हेही विद्यार्थ्याने शिकायला हवे.

आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात कॅमेरा आहे. रस्त्यावरचा अपघात, शेजाऱ्याचे भांडण, कोणाची तरी मारहाण, सर्व काही क्षणात चित्रित होते आणि क्षणात जगभर जाते. बहादूरांच्या काळात चित्रपट पाहणारे पुष्कळ आणि काढणारे थोडे होते. आता काढणारेही तितकेच झाले आहेत. म्हणून हा विषय चित्रपटाच्या अभ्यासक्रमापुरता उरलेला नाही. मार खाणाऱ्या माणसापासून किती अंतरावर उभे राहून चित्रण करायचे, त्याचा चेहरा घ्यायचा की मारणाऱ्याचा, कोठे थांबायचे, हे निर्णय रोज, विचार न करता, हजारो हात घेत आहेत. त्यांतला प्रत्येक निर्णय दिग्दर्शकाचा आहे, फक्त घेणाऱ्याला ते ठाऊक नाही.

चित्रपटाचे तंत्र आणि दिग्दर्शकाची शैली शिकवण्याचे प्रयोजन एवढ्यात सामावते. सगळे विद्यार्थी दिग्दर्शक होणार नाहीत. बहुतेक शिक्षक होतील, कारकून होतील, शेती सांभाळतील. परंतु एखाद्या प्रसंगाकडे पाहताना पाय कोठे रोवले आहेत, ओसरीवर की अंगणात, एवढे भान त्यांना आले, तर शिकवणाऱ्याचे श्रम वाया गेले असे म्हणता येणार नाही. चौकट आखणाऱ्या प्रत्येक हाताला एक देहही असतो, आणि त्या देहाला उभे राहायला जागा लागते. ती जागा निवडता येते, हे कळणे म्हणजेच पाहायला शिकणे.